वाटी तशीच राहते तेव्हा

जेवण नाकारणाऱ्याला आग्रह करण्याची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. ‘एकच घास’, ‘अर्धीच पोळी’, ‘माझ्यासाठी म्हणून’ अशा शब्दांनी आपण पानावर बसलेल्याचे मन वळवतो. ते वळले नाही तर मनातून खट्टू होतो. घरातल्या वृद्ध कुत्र्याने वाटीकडे पाठ फिरवली की हीच रीत आपोआप सुरू होते. सकाळी दूध-पोळी नको, तर दुपारी दहीभात. तोही नको, तर वर तूप, मग मलई, मग बिस्किटे. संध्याकाळपर्यंत घरातले सगळे डबे उघडून होतात आणि कोणीतरी म्हणते, ‘म्हातारपणी फार नखरेल झाला आहे हा!’

आजच्या लेखाचा रोख या ‘नखरेल’ शब्दावर आहे. तरुण, धट्ट्याकट्ट्या कुत्र्याच्या बाबतीत तो कधी कधी खरा असतो. परंतु जो कुत्रा दहा वर्षे वाटी चाटूनपुसून स्वच्छ करत आला, तो अकराव्या वर्षी विनाकारण चोखंदळ होत नाही. त्याच्या शरीरात काहीतरी बदललेले असते आणि ते सांगण्याचे मार्ग त्याच्यापाशी थोडेच असतात. वाटी सोडून देणे हा त्यांपैकी एक. म्हणून वृद्ध कुत्र्याच्या जेवणाबाबत क्रम असा असावा: आधी चौकशी, मग उपाय. आग्रहाला या क्रमात जागा नाही. का, ते पुढे येईलच.

त्याचे वय आणि आपले वय

‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो फारसा बरोबर नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी लॅब्रॅडोर जातीच्या कुत्र्यांच्या डीएनएवरील, वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणांची माणसाच्या तशाच खुणांशी तुलना केली. त्यांच्या सूत्राप्रमाणे सात वर्षांचा लॅब्रॅडोर साधारण ६२ वर्षांच्या माणसाइतका, तर बारा वर्षांचा साधारण ७१ वर्षांच्या माणसाइतका असतो. सूत्र एका जातीवरून काढलेले आहे. लहान चणीचे कुत्रे अधिक जगतात, थोराड जातींचे लवकर थकतात. तरीही त्यातून एक गोष्ट ध्यानात यावी. तुमच्या पायाशी झोपलेला बारा वर्षांचा सोबती आता कदाचित तुमच्याच वयाचा आहे.

तसे पाहिले म्हणजे त्याच्या तक्रारी समजणे सोपे जाते. दात हलू लागल्यावर सुपारीचा मोह कसा सुटतो, एखाद्या गोळीने तोंड कसे कडवट होते, सर्दीने नाक चोंदल्यावर आवडीचे वरणही कसे बेचव लागते, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. कुत्र्याच्या बाबतीत नाकाचे महत्त्व तर फारच मोठे. माणसाच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७००. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग त्याला वासातून मिळतो. वयोमानाने ती घ्राणशक्ती मंदावली, की वाटीतले अन्न त्याच्या लेखी अन्नच राहत नाही.

पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचे प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. अन्न पोटात पोहोचण्यापूर्वीच, केवळ त्याच्या दर्शनाने आणि वासाने जठरात पाचकरस पाझरू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. भूक लागणे ही पचनाची पहिली पायरी आहे, असा याचा अर्थ. ती पायरीच गाळून घास घशाखाली ढकलला, तर पुढचे सारे काम अवघड होते.

नको आहे, की जमत नाही?

जेवणाच्या वेळी एकदा केवळ पाहत बसा; काही बोलू नका, वाटी पुढे सरकवू नका. दोन-तीन जेवणांच्या निरीक्षणातून बरेच काही उलगडते.

तो उत्सुकतेने वाटीपाशी येतो, घास उचलतो आणि खाली पाडतो, एकाच बाजूने चावतो, किंवा कडक दाणे टाळून मऊ तेवढे खातो: असे असेल तर दुखणे तोंडात आहे. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात आणि त्यांच्या मुळांशी वर्षानुवर्षे साचलेल्या कीटणाने हिरड्या सुजतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे विशेष आढळते. तोंडाला उग्र दुर्गंधी येणे हे म्हातारपणाचे सामान्य लक्षण समजले जाते. ते रोगाचे लक्षण आहे. डोळ्याखाली एकाएकी सूज आली, तर तिचे मूळ पुष्कळदा वरच्या दाढेत असते.

तो येतो, हुंगतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो आणि मान वळवून निघून जातो: याला मळमळ होत आहे. भूक आहे, पण अन्नाचा वासच सोसवत नाही. गवत खाणे, वारंवार आवंढे गिळणे ही त्याचीच सोबतीण लक्षणे. मळमळीमागे मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा विकार असू शकतो, किंवा सांधेदुखीसाठी चालू असलेले एखादे औषधही असू शकते.

तो जागचा उठतच नाही, पण वाटी तोंडापाशी नेली तर खातो: येथे बहुधा भूक शाबूत आहे, वाट अवघड आहे. गुडघे आणि कंबर आखडलेल्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवरून स्वयंपाकघरापर्यंत जाणे ही शिक्षा वाटते. दृष्टी अधू झाली असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यातली वाटी त्याला सापडत नाही. काही वृद्ध कुत्र्यांना माणसांसारखाच स्मृतिभ्रंश होतो. ते रात्री येरझारा घालतात, भिंतीकडे पाहत उभे राहतात आणि जेवायला निघून वाटेतच थबकतात.

आणि शेवटचा प्रकार: वाटीतले काही खात नाही, पण चहाच्या वेळी बिस्किटे मात्र हक्काने मागतो. एका ग्लुकोज बिस्किटातून साधारण २० ते २५ कॅलरी मिळतात. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला केवळ जिवंत राहण्यासाठी, म्हणजे श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब यांसाठी दिवसाला सुमारे ४०० कॅलरी लागतात. आजोबांच्या चहातली चार, आजींच्या चहातली दोन, नातवंडांनी शाळेतून आल्यावर दिलेली दोन, अशी आठ बिस्किटे झाली की त्यातला जवळजवळ अर्धा वाटा संपला. अशा कुत्र्याने रात्रीचा भात नाकारला तर त्याला दोष कसा द्यावा? घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात काय दिले ते एका कागदावर लिहा. पुष्कळ घरांत ‘काहीच खात नाही’ ही तक्रार त्या कागदावरच मिटते.

दवाखान्याकडे केव्हा निघावे

निरीक्षणाला वेळ द्यावा हे खरे, पण किती? वृद्ध कुत्र्याने २४ तास काहीही खाल्ले नाही तर पशुवैद्यकांना फोन करावा. ४८ तास वाट पाहू नये. पुढील लक्षणे सोबत असतील तर २४ तासही थांबू नये.

वारंवार उलट्या, काळे किंवा रक्तमिश्रित शौच, श्वासाला धाप, हिरड्या पांढुरक्या अथवा पिवळ्या दिसणे, पाणीही न पिणे. पोट फुगणे आणि ओकाऱ्या येऊनही काहीच बाहेर न पडणे, हे थोराड, खोल छातीच्या कुत्र्यात जठराला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. तेथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

ताप. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान माणसापेक्षा अधिक, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे हाताला अंग गरम लागले म्हणून ताप आहे असे ठरत नाही, आणि नाक कोरडे आहे यावरून तर काहीच ठरत नाही. आपल्या हवामानात गोचिडांतून येणारा ताप नेहमी मनात ठेवावा. एर्लिकिया आणि बबेसिया या दोन्ही जंतूंच्या आजारांत भूक जाते, कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड आहे का, ते पाहून मगच दवाखान्यात जा. डॉक्टरांना ती माहिती मोलाची असते.

तहान वाढणे आणि भूक मोडणे ही जोडी कधीही दुर्लक्षू नये. दिवसाला प्रतिकिलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने लिटरभरापेक्षा जास्त पाणी पिणे, हे अस्वाभाविक आहे. मूत्रपिंडाचा जुना विकार असाच हळूहळू येतो. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत दोन्ही मूत्रपिंडांची मिळून तीन चतुर्थांश कार्यशक्ती गेलेली असू शकते. म्हणून वयस्कर कुत्र्याची रक्त-लघवीची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी ती खाईनाशी झाली, फार पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. हा आजार जिवावर बेतणारा आहे आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बरा होणाराही आहे.

कधी एका सकाळी म्हातारा कुत्रा मान तिरपी करून, डोळे भिरभिरवत, झोकांड्या खाऊ लागतो. घरच्यांना वाटते, अर्धांगवायू झाला. पुष्कळदा तो आतल्या कानाशी संबंधित तोल जाण्याचा विकार असतो. समुद्रात बोट लागावी तशी त्याला मळमळ होते आणि म्हणून तो खात नाही. तपासणी अवश्य करावी, पण आशा सोडू नये. यातले अनेक कुत्रे काही दिवसांत सावरतात.

मधुमेही कुत्र्याला इन्सुलिन चालू असेल आणि त्याने जेवण नाकारले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचे इंजेक्शन देऊ नये. उपाशीपोटी इन्सुलिनने काय होते, हे अनेक वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणि एक कळकळीची विनंती: आपल्या औषधांच्या डब्यातली गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरू शकते. ‘अर्धीच तर दिली’ हे वाक्य माणसाच्या वजनाच्या हिशेबाने खरे असते, कुत्र्याच्या नव्हे.

स्वयंपाकघरातले उपाय

कारण समजले, उपचार सुरू झाले, म्हणजे आता वाटीकडे वळू.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ऊब. अन्न कोमट केले की त्याचा वास मोकळा होतो. बाळाचे दूध तपासतो त्याप्रमाणे अन्न मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. ऊन लागावे, चटका बसू नये. मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर नीट ढवळावे, कारण मध्येच एखादा गोळा पोळणारा राहतो. फ्रिजमधून काढलेले थंडगार अन्न म्हाताऱ्या नाकापर्यंत पोहोचतच नाही. मात्र ज्याला मळमळ होत आहे त्याला कधी कधी उलट हवे असते. गरम वासाने तो मागे सरकत असेल तर अन्न खोलीच्या तापमानाला आणून द्यावे.

दुसरा उपाय मऊपणा. बाजारातले कोरडे दाणे देत असाल तर त्यांवर कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावेत. घरचे अन्न देत असाल तर बाळाच्या खिमटाइतके मऊ करावे. साधा मऊ भात, त्यात बिनहाडाचे उकडलेले कोंबडीचे मांस हाताने कुस्करून. किंवा उकडलेले अंडे. शाकाहारी घरात थोडे ताजे, बिनमिठाचे पनीर. किनाऱ्यावरच्या घरांत ताज्या मासळीचा तुकडा नुसत्या पाण्यात उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून, भातात मिसळता येतो. त्याच्या वासाने मंद नाकही जागे होते. भात कुत्र्याला पचत नाही हा समज चुकीचा आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसले, की माणसाच्या सहवासात राहता राहता कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत पुष्कळ वाढल्या आहेत. आपल्या भाताशी त्याची ओळख जुनी आहे. तरी घरच्या साध्या जेवणात कॅल्शियमसारखे घटक अपुरे पडतात. काही दिवसांची तात्पुरती सोय वेगळी. कायमचा आहार मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मांस-अंड्यांचे प्रमाणही तेच सांगतील.

तिसरा उपाय म्हणजे मांसाचे पाणी. कोल्हापूरकडे लहान मुलांना आणि आजाऱ्यांना मटणाचे अळणी पाणी देतात. त्यात बहुधा कांदा, आले, लसूण आणि मीठ पडलेले असते, आणि नेमके तेच कुत्र्याला चालत नाही. त्याच्यासाठी मांस वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यात उकळावे, वर आलेली चरबी काढून टाकावी आणि दोन चमचे पाणी त्याच्या अन्नावर घालावे.

चौथा उपाय म्हणजे वेळ आणि मात्रा. दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन-चार लहान जेवणे ठरलेल्या वेळी द्यावीत. वाटी १५ ते २० मिनिटे ठेवावी. खाल्ले नाही तर काही न बोलता उचलावी आणि पुढच्या वेळी ताजे अन्न द्यावे. दिवसभर तोंडापुढे पडून राहिलेले अन्न भूक वाढवत नाही, शिसारी आणते. रोज नवा पदार्थ करण्याचा मोहही आवरावा. नवे अन्न सुरू करायचे असेल तर सात दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत बदल करावा. नाहीतर पोट बिघडते आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

तूप, लोणी, मलई, चिकनची कातडी हे भूक वाढवण्याचे मार्ग मुळीच नव्हेत. स्निग्ध पदार्थ अंगावर येऊन स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते आणि ती वृद्ध कुत्र्याला झेपत नाही. दूधही अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही.

याच ठिकाणी निषिद्ध पदार्थांची उजळणी करू. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा वाटणातले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. म्हणून आपल्या आमटी-रश्शाचा घास नको. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मूत्रपिंडांना घातक आहेत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा देताना हे आठवावे. चॉकलेट, चहा आणि कॉफी वर्ज्य. झायलिटॉल घातलेले साखररहित च्युइंगम आणि गोळ्या त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरवतात. मधुमेही माणसांच्या घरात या वस्तू उशापाशीच असतात. शिजवलेली हाडे तर कधीच देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन घसा आणि आतडी फाटू शकतात.

वाटीची जागा

अन्न बदलण्याआधी जागा बदलून पाहणे पुष्कळदा अधिक फळते. वाटीखाली रबरी चटई अंथरा; पाय घसरत असतील तर तो मान खाली घालून उभाच राहू शकत नाही. मानेचे किंवा पाठीचे दुखणे असेल तर वाटी छातीच्या उंचीपर्यंत, एखाद्या पाटावर ठेवा. थोराड जातींत उंच वाटी आणि जठराचा पीळ यांचा संबंध एका अभ्यासात दिसला आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. वाटी रुंद आणि उथळ असावी. जागा उजेडाची आणि शांत असावी. मिक्सर, दूरदर्शन संच आणि दुसरा तरुण कुत्रा यांच्यापासून दूर. गणपतीतील ढोल-ताशे आणि दिवाळीतील फटाके यांच्या काळात अनेक कुत्रे भीतीने जेवत नाहीत. त्या दिवसांत आवाज ओसरल्यावर, रात्री उशिरा खाऊ घालावे.

येथे तुमचाही विचार हवा. दिवसातून चार वेळा वाकून वाटी ठेवणे-उचलणे तुमच्या कमरेला सोसणार आहे का? खुर्चीत बसून, शेजारच्या बुटक्या स्टुलावर वाटी ठेवली तर दोघांचीही सोय होते. पाण्याचे भांडे न्हाणीघराच्या वाटेवर ठेवू नका. रात्री उठताना त्याला पाय लागून पडणे तुमच्या हाडांना महागात पडेल. त्याला उचलण्याचा प्रयत्नही एकट्याने करू नका.

जबरदस्ती का नको

१९५५ मध्ये अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी देताना किरणोत्साराच्या संपर्कात ठेवले गेले. त्या संपर्काने त्यांना अस्वस्थता येई. पुढे उंदरांनी ते गोड पाणी टाळले. पाणी निर्दोष होते. पण अस्वस्थपणाशी त्याची गाठ पडली होती. कुत्र्याचे मन याच रीतीने चालते. मळमळत असताना तोंडात कोंबलेले कोंबडीचे मांस पुढे बरे वाटल्यावरही त्याला नकोसे होते. म्हणजे आग्रहाने आपण त्याचा सर्वांत आवडता पदार्थच त्याच्यापासून हिरावून घेतो. कडू औषधही म्हणूनच त्याच्या नेहमीच्या जेवणात मिसळू नये. गोळी वेगळ्या छोट्या घासातून, वेगळ्या वेळी द्यावी.

पिचकारीने पातळ अन्न घशात सोडणे तर अधिक धोक्याचे. ते श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय ते करू नये. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधे आज पशुवैद्यकांजवळ आहेत. कोणते द्यायचे ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त ‘भूक वाढेल असे काही देता येईल का?’ हा प्रश्न जरूर विचारा.

जबरदस्ती नको याचा अर्थ जवळीक नको असा नाही. त्याच्याशेजारी बसावे, हातावर एक छोटा घास ठेवून हात जमिनीलगत धरावा, ओठांना किंचित अन्न लावून पाहावे. त्याने चाटले तर दुसरा घास. मान वळवली तर थांबावे, पाठीवर हात फिरवावा, आणि वाटी उचलावी.

एक वही आणि एक वजनकाटा

जो रोज डोळ्यांपुढे असतो त्याचे रोडावणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दर पंधरवड्याला वजन करावे. लहान कुत्रा असेल तर घरातल्या तरुण माणसाने त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठी दवाखान्यातला सपाट काटा वापरावा. दहा किलोच्या कुत्र्याचे एक किलो उतरणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे. वजनासोबत हाताची तपासणीही करावी: पाठीचा कणा टोचू लागला, डोळ्यांवरच्या कपाळाच्या बाजू खोल गेल्या, तर स्नायू झिजत आहेत.

वहीत रोज चार गोष्टी टिपाव्यात: किती खाल्ले, किती पाणी प्यायला, शौच-लघवी कशी झाली, दिवस कसा गेला. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना फोनवर ‘आज जरा बरा आहे’ असे सांगण्यापेक्षा वहीतल्या नोंदी अधिक खरे बोलतात, आणि डॉक्टरांचेही काम सोपे होते.

जेव्हा उपाय संपतात

हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. कधी सर्व चौकशी होते, सर्व उपाय होतात, आणि तरीही वाटी तशीच राहते. मूत्रपिंडांचा अखेरचा टप्पा असतो, गाठ पसरलेली असते, किंवा शरीर फक्त थकलेले असते. अशा वेळी ‘मी नीट खाऊ घातले असते तर’ हा विचार काळजी घेणाऱ्याला आतून पोखरतो. ध्यानात घ्या: अखेरच्या टप्प्यात प्राणी खात नाही म्हणून मरणाकडे जात नाही, तो मरणाकडे निघालेला असतो, म्हणून खात नाही.

अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी एक मोजपट्टी सुचवली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. एकूण सत्तरपैकी ३५ हून अधिक गुण मिळत असतील तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. गुण एकट्याने देऊ नका. घरातल्या दोघा-तिघांनी वेगवेगळे द्यावेत आणि मग डॉक्टरांसोबत बसून पाहावेत. त्या सातांत भूक ही एकच बाब आहे, हेही विसरू नये. कमी खाणारा कुत्रा उन्हात पडून शेपटी हलवत असेल, तर त्याचे दिवस अजून त्याचेच आहेत. गुण सातत्याने उतरत असतील, वेदना आवरत नसतील, तर वेदनारहित निरोपाविषयी डॉक्टरांशी बोलणे यात निष्ठुरता नाही.

त्या दिवसांत वाटीऐवजी द्यायच्या गोष्टी उरतातच. ओल्या कापसाने हिरड्या आणि ओठ पुसावेत. अंथरूण कोरडे ठेवावे, दर काही तासांनी कूस बदलावी. ज्या खोलीत घरचे आवाज येतात तेथे त्याला ठेवावे, आणि कोणीतरी जवळ बसावे. आयुष्यभर तो तुमच्या जेवणाच्या वेळी तुमच्या पायाशी बसला. आता त्याच्या न जेवण्याच्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ बसा. एवढे त्याला कळते.

(पुढील अंकात: पावसाळ्यातील गोचीड, आणि घरातील माणसे व प्राणी या दोघांनी घ्यायची काळजी.)